विजेची मोटार : कागदावरचा पल्ला आणि रस्त्यावरचा पल्ला

माजी विद्यार्थी भेटीला येतात तेव्हा आता एक प्रश्न हमखास निघतो : विजेची मोटार घ्यावी का? वसतिगृह चालवणाऱ्या आमच्यासारख्यांना तो अधिकच जवळचा आहे. मध्यरात्री एखादे लेकरू तापाने फणफणले, तर दारातील गाडी रुग्णालयापर्यंत जाऊन परत येईल, ही खात्री आम्हांला हवी असते. म्हणून हा हिशेब येथे मांडत आहोत.

बॅटरीची क्षमता किलोवॉट-तासात मोजतात. एक किलोवॉट-तास म्हणजेच आपल्या वीजबिलातील एक युनिट. जानेवारी 2020 मध्ये बाजारात आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीची बॅटरी 30.2 युनिटांची होती आणि प्रमाणित पल्ला 312 किलोमीटर. म्हणजे एका युनिटात सुमारे दहा किलोमीटर. हा आकडा खोटा नव्हे. परंतु तो प्रयोगशाळेत, रुळांवर चाके फिरवून, ठरावीक वेगाने घेतलेल्या चाचणीचा आहे. त्या चाचणीत वेग ताशी 90 किलोमीटरांच्या पुढे जात नाही.

रस्त्यावर तीन गोष्टी पल्ला खातात. पहिली वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; ताशी 80 वरून 100 वर गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. दुसरी चढ. माणसांसह 1,700 किलो वजनाची गाडी खोपोलीहून लोणावळ्याला सुमारे साडेपाचशे मीटर वर चढते, तेव्हा केवळ उंची गाठण्यासाठी अडीच युनिटे लागतात. उतारावर मोटर जनित्राचे काम करून त्यांतील काही परत मिळवते, सगळी नव्हे. तिसरी वातानुकूलन यंत्रणा. विदर्भातील उन्हाळ्यात ती तासाला सुमारे एक युनिट घेते, गाडी कोंडीत उभी असली तरीही.

म्हणून एका युनिटात सातच किलोमीटर धरू. 30.2 गुणिले 7 म्हणजे सुमारे 211 किलोमीटर. त्यातील पाचवा भाग अडीअडचणीसाठी राखून ठेवला, तर निर्धास्त पल्ला 170 किलोमीटर उरतो.

आता आपले उदाहरण घेऊ. समजा, बाजारहाट आणि टपाल यांसाठी रोज 40 किलोमीटर धावणे होते, आणि जिल्हा रुग्णालय 45 किलोमीटरांवर, म्हणजे जाऊन-येऊन 90 आहे. रोज रात्री गाडी भारित केली, तर दिवसाचे 40 वजा जाता 130 उरतात, चिंता नाही. एक रात्र वीज गेली, तर दुसऱ्या संध्याकाळी नेमके 90 उरतात. दोन रात्री चुकल्या, तर राखीव साठ्याला हात घालावा लागतो. तेव्हा खरा प्रश्न पल्ल्यापेक्षा रात्रीच्या विजेचा आहे. 15 अँपियरच्या घरगुती सॉकेटमधून तासाला सुमारे तीन युनिटे मिळतात. रोजचे 40 किलोमीटर भरून काढण्यास दोन तास पुरतात, रिकामी बॅटरी भरण्यास मात्र जवळजवळ दहा तास लागतात.

लांबच्या प्रवासाचे गणित निराळे. जलद भारण साधारणतः 80 टक्क्यांपर्यंतच सोयीचे असते. पुढे ते मंदावते. त्यामुळे पहिल्या टप्प्यानंतर प्रत्येक टप्पा सुमारे 125 किलोमीटरांचाच राहतो. नागपूर ते पुणे या सुमारे सातशे किलोमीटरांत चार-पाच थांबे आले. वर्षातून एकदा हे चालेल. दर आठवड्याला ज्यांना जायचे आहे, त्यांनी मोठ्या बॅटरीची गाडी पाहावी.

अलीकडे कंपन्याही मोकळेपणाने बोलू लागल्या आहेत. 45 युनिटांच्या नव्या नेक्सॉनचा प्रमाणित पल्ला 489 किलोमीटर आहे. बहुतांश ग्राहकांना 350 ते 370 मिळेल, असे कंपनीच सांगते.

कर्ज काढण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने आठवडाभर आपले रोजचे किलोमीटर वहीत लिहावेत, गाडी उभी राहते तेथे रात्री वीज असते का ते पाहावे, आणि मगच दुकानाची पायरी चढावी. जाहिरातीतील आकड्यापेक्षा त्या वहीतील आकडा आपल्या अधिक उपयोगाचा आहे.