शिक्षा वाढली, पण कळवणार कोण?



बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लागू झाला. २०१९च्या दुरुस्तीने शिक्षा वाढवली. सोळा वर्षांखालील बालकावर बलात्कार केल्यास आता किमान २० वर्षे कारावास आहे. अतिगंभीर गुन्ह्यात फाशीही आहे. (फाशी ख्रिस्तसभेला मान्य नाही, हे आपण जाणतोच.)

पण गुन्हा पोलिसांपर्यंत गेलाच नाही, तर कडक शिक्षा कागदावरच राहते. अत्याचारी बहुधा नात्यातला, शेजारचा, विश्वासातला असतो आणि आपण घराण्याची अब्रू सांभाळत बसतो. बालकाच्या अब्रूचे काय? कलम १९नुसार गुन्हा कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलेच पाहिजे. गप्प राहिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. हाताखालच्याचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होते. गुन्हेगार धार्मिक संस्थेतला असेल तर गुन्हा अधिक गंभीर ठरतो, आणि ते योग्यच आहे. आम्हा धर्मगुरूंवर लोक डोळे मिटून विश्वास टाकतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१९मध्ये धर्मगुरू व व्रतस्थांना असे प्रकार महागुरूंना कळवणे बंधनकारक केले. त्यामुळे पोलिसांत जाण्याचे कर्तव्य मात्र टळत नाही.

‘पोरीचे नाव होईल’ ही भीती आईबापांना असते. बालकाची ओळख वृत्तपत्रांत छापण्यास कायद्याने मनाई आहे. जबाब घरीच, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना घ्यायचा असतो. सद्‌हेतूने कळवणाऱ्यावर खटला होत नाही. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८ घरातल्या मुलांनाही पाठ करून द्या.