वाळुंजांवर टांगलेल्या वीणा

शास्त्रवाचन : यिर्मया २९:१-१४, स्तोत्र १३७

भाषांतराच्या तपासणीसाठी मला वर्षातून दोनतीनदा बंगळूरुला जावे लागते. तेथे हेब्बाळमध्ये एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात माझा मुक्काम असतो. बल्लारी रस्त्यावरचा उड्डाणपूल, पलीकडे तलाव, अलीकडे १९७३ साली सुरू झालेले बाप्टिस्ट हॉस्पिटल. या खुणांवरून घर सापडते. घरातला सोळा वर्षांचा मुलगा गिटार वाजवतो. त्याच्याबरोबर एक तमिळ मुलगा, एक मिझो मुलगा आणि ड्रम वाजवणारी एक कानडी मुलगी असे चौघे जमतात. त्यांच्या बँडला अजून नाव नाही, आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना तो फारसा रुचतही नाही.

एका रात्री जेवणानंतर तो मला म्हणाला, ‘‘काका, इथे मला सगळे हिंदीवाला म्हणतात. आजोळी गेलो की मामेभाऊ माझ्या मराठीला हसतात. आमच्या बँडमध्ये सगळेच असे आहेत. कोणीच कुठला नाही.’’ मग त्याने मला एक चित्रपट बघायला बसवले. तीस वर्षे शब्दकोशांत डोके घालून बसलेल्या माझ्यासारख्या माणसाने किशोरवयीनांच्या गाण्यानाचण्याचा चित्रपट पाहावा आणि त्यावर शास्त्राभ्यासाचा लेख लिहावा, याचे आपणास नवल वाटेल. पण ते दोन तास मला यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायाकडे घेऊन गेले.

चित्रपटाचे नाव ‘द आर्चीज’. झोया अख्तर यांनी तो दिग्दर्शित केला आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो प्रदर्शित झाला. मूळ आर्ची हा अमेरिकन चित्रकथांमधला मुलगा, १९४१ सालचा. पुढे त्याच्या कार्टूनमधल्या बँडच्या नावावर १९६९ मध्ये एक गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. खरे तर तसा बँड अस्तित्वातच नव्हता. स्टुडिओतल्या गायकांनी ते गायिले होते. झोया अख्तर यांनी या मुलांना १९६४ च्या भारतात, रिव्हरडेल नावाच्या काल्पनिक थंड हवेच्या गावी आणले आणि त्यांना अँग्लो-इंडियन केले. गावात ग्रीन पार्क नावाची बाग आहे. गावातील प्रत्येक मूल लहानपणी तेथे एक रोप लावते. एक धनाढ्य गृहस्थ त्या जागी हॉटेल उभारू पाहतो, आणि त्याची स्वतःची मुलगी मुलांच्या टोळीत असते. गिटार, ड्रम आणि गावकऱ्यांच्या सह्या एवढ्या साधनांनी ही मुले त्याच्याविरुद्ध उभी राहतात.

जुन्या वाचकांपैकी कोणी १९६१ चा ‘द यंग वन्स’ पाहिला असेल, तर त्यांना ही कथा ओळखीची वाटेल. तेथेही तरुणांचा क्लब एका बिल्डरच्या तावडीत सापडतो, आणि तो बिल्डर नायकाचाच बाप निघतो. त्यात गाणारा क्लिफ रिचर्ड लखनौमध्ये १९४० साली जन्मलेला, अँग्लो-इंडियन घरातला. १९४८ मध्ये त्याचे कुटुंब इंग्लंडला गेले. १९६६ साली त्याने बिली ग्रॅहॅम यांच्या सभेत आपला ख्रिस्ती विश्वास जाहीर केला, हेही पुष्कळांना ठाऊक असेल.

चित्रपटाविषयी माझे मत सांगतो. तो गोड आहे, जरा जास्तच गोड. नामांकित घराण्यांतल्या मुलांची त्यात झालेली भरती लपत नाही. भुसावळ, इगतपुरी, दौंड येथील रेल्वे कॉलन्यांत आपल्यापैकी अनेकांनी जे अँग्लो-इंडियन शेजारी पाहिले, ते ड्रायव्हर, गार्ड, शाळेतल्या कडक बाई, मला त्या गावात कोठे दिसले नाहीत. तरीही एक प्रश्न चित्रपटाने नेमका धरला आहे. आर्चीला शिकायला लंडनला जायचे आहे. १९४७ नंतर या समाजातील हजारो कुटुंबे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडे निघून गेली. जन्मभूमी एक आणि ‘मायदेश’ म्हणून शिकवला गेलेला देश दुसरा, अशी त्यांची स्थिती होती. आपल्या संविधानाने अनुच्छेद ३६६ मध्ये त्यांची व्याख्या केली, लोकसभेत नेमणुकीच्या दोन जागांची तरतूद केली. १०४ व्या घटनादुरुस्तीनंतर, जानेवारी २०२० पासून ती तरतूद संपली.

वाचकहो, या समाजाने हा प्रश्न पूर्वी एका वेगळ्या रीतीने सोडवून पाहिला होता, आणि तो प्रयत्न हेब्बाळहून फार दूर नाही. आज संगणक कंपन्यांनी गजबजलेले व्हाइटफील्ड हे मूळचे अँग्लो-इंडियन लोकांचे शेतीचे गाव. म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर १८८२ मध्ये ते वसले. ज्यांच्या पुढाकाराने हे घडले त्या व्हाइट यांचे नाव त्याला मिळाले. पुढे १९३३ मध्ये आजच्या झारखंडात मॅक्लस्कीगंज वसले. दोन्ही ठिकाणी कल्पना एकच होती : आपण या मातीत झाडे लावू, म्हणजे आपण येथले होऊ.

आता यिर्मयाचे पत्र उघडा. इ.स.पू. ५९७ मध्ये नबुखद्नेस्सराने यरुशलेमेतील राजा, दरबारी, कारागीर बाबेलास नेले. तेथे संदेष्टे त्यांना सांगत होते की मुक्काम थोडा आहे, बोचकी सोडू नका. इकडे यरुशलेमेत हनन्या तर दोनच वर्षांची मुदत देत होता (२८:३). यिर्मयाने एलासा आणि गमऱ्या यांच्या हाती पत्र धाडले : घरे बांधा, मळे लावा, त्यांचे फळ खा, लेकरांची लग्ने करा, ज्या नगरात मी तुम्हांला पाठवले त्याच्या शालोमसाठी झटा आणि प्रार्थना करा. सातव्या वचनात शालोम हा शब्द तीनदा येतो. मराठीत तो मांडताना प्रत्येक वेळी हात अडखळतो. ‘शांती’ म्हटले तर युद्ध नसणे एवढेच ध्वनित होते. ‘कल्याण’ म्हटले तर सरकारी योजनेचा वास येतो. ‘क्षेम’ जवळचा आहे, पण तो आज बोलतो कोण? मूळ अर्थात नगराचे पाणी, पीक, बाजार, न्याय, शेजार सगळे येते. बागही येते.

त्या लोकांनी ऐकले का? इराकमध्ये सापडलेल्या मातीच्या पाट्यांतून याचे उत्तर मिळते. त्यांतील मोठा संग्रह २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘आल-याहूदू’, म्हणजे यहूदाचे गाव, असे नाव असलेल्या वस्तीचे त्यांत उल्लेख आहेत. सर्वांत जुनी पाटी इ.स.पू. ५७२ ची. यहोवाचे नाव अंगावर वागवणारी माणसे तेथे जमीन कसतात, कर भरतात, कर्जे घेतात. व्यवहार बाबेलच्या लिपीत आणि भाषेत, नावे मात्र आपली.

येथवर सर्व सुरळीत वाटते. पण त्याच शास्त्रात १३७ वे स्तोत्रही आहे, आणि ते यरुशलेमेच्या नाशानंतरचे आहे. पाडाव करणारे गाणे मागतात, तेव्हा वादक आपली वाद्ये झाडांवर टांगून ठेवतात. परक्या भूमीत गायचे कसे, हा त्यांचा प्रश्न आहे. ज्या नगरासाठी प्रार्थना करावी असे पत्र सांगते, त्याच नगराच्या बाळांविषयी या स्तोत्राच्या अखेरचे शब्द इतके भयंकर आहेत की उपासनेत आपण ते बहुधा वाचतच नाही. मला वाटते, दोन्ही शास्त्रभाग शेजारी ठेवूनच वाचावेत. ज्याला आपले गमावल्याचे दुःख बोलू दिले जात नाही, त्याला झाडे लावा म्हणून सांगणे सोपे असते, आणि ते त्याच्या पोटात शिरत नाही. शिवाय पाहा, आम्ही गाणार नाही असे म्हणणारे हे स्तोत्र स्वतः एक गीतच आहे. ते रचले गेले, गायिले गेले, जपले गेले.

चित्रपटात शेवटी आर्ची जाण्याचा बेत सोडतो. रिव्हरडेलमध्ये त्याला घर आहे, मित्र आहेत, बाग आहे. त्याला राहणे सोपे झाले, असे मला वाटले. जे गेले त्यांना मी दोष देणार नाही. आणि हेब्बाळच्या त्या मुलाला तर जावे की राहावे हा पर्यायच नाही. तो आहे तेथेच परका आहे. दुसऱ्या दिवशी मी त्याला आमच्या भाषांतराचा एक कच्चा उतारा वाचायला दिला. अक्षराखाली बोट ठेवत, जोडाक्षरांपाशी थांबत तो वाचत होता. वाचकहो, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षे मी ज्याच्यासाठी शब्द निवडत आलो, तो वाचक एका गावचा, एका बोलीचा, शाळेत मराठी शिकलेला असा मी गृहीत धरला होता. आपल्या कित्येक घरांतली नातवंडे आज तशी नाहीत, पुण्यातही नाहीत.

परतण्याच्या आदल्या संध्याकाळी चौघे गच्चीवर सरावाला जमले होते. त्यांनी १३७ वे स्तोत्र निवडले होते. एक कडवे कानडीत, एक तमिळमध्ये, एक मिझोत, आणि एक मराठीत हवे होते. झाडाचे नाव मी सांगितले : वाळुंज. मूळ शब्दाचा वृक्ष बहुधा फरात नदीकाठचा पॉपलर असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. पण पाण्याकाठी वाढणारे वाळुंज आपल्याकडच्या माणसाला डोळ्यांपुढे आणता येते. त्या मुलाला झाडाचे काही वाटले नाही. तो अडला वीणेपाशी.

‘‘काका, वीणा झाडाला टांगता येते? केवढी मोठी असते ती!’’

मी त्याला वारकऱ्याच्या गळ्यातली वीणा सांगितली. मग मूळचे किन्नोर कसे होते तेही सांगितले : लाकडी चौकट, हातात मावणारी, पहिल्या शतकातला योसेफस लिहितो की त्याला दहा तारा असत आणि ते नखीने वाजवत. दावीदाचे वाद्य हेच.

‘‘नखीने?’’ त्याने बोटांमधला प्लास्टिकचा तुकडा वर धरला. ‘‘मग गिटार का नाही लिहीत तुम्ही? तिला पट्टा असतो. टांगता येते.’’

कानडी मुलीने ड्रमवर काठी आपटली, आणि मला उत्तर देण्याची गरज उरली नाही. तपासणीच्या प्रतीत स्तोत्र १३७:२ समोर, समासात, पेन्सिलीने मी तो शब्द लिहून ठेवला आहे. पुढच्या बैठकीत तो चर्चेला घ्यावा लागेल.