सपाट नकाशा, धावता रस्ता

‘एफ-झीरो क्लायमॅक्स’ हा रेसिंग गेम निन्टेंडोने २००४ साली गेम बॉय अ‍ॅडव्हान्ससाठी फक्त जपानमध्ये काढला. भविष्यकाळातल्या, हवेत तरंगणाऱ्या गाड्या आणि भन्नाट वेग! पण या मशीनमध्ये थ्रीडी चिपच नाही. प्रोसेसर जेमतेम १६.७८ मेगाहर्ट्झचा. मग रस्ता लांबवर गेलेला कसा दिसतो?

ट्रॅक म्हणजे सतरंजीसारखा अंथरलेला सपाट नकाशा. स्क्रीनवर आडव्या १६० ओळी. एक ओळ काढून झाली की दुसरी सुरू होण्याआधी क्षणभर सवड मिळते. तेवढ्यात प्रोग्रॅम नकाशाचं स्केल बदलून टाकतो. सूत्र सोपं आहे :

अंतर = स्थिरांक ÷ क्षितिजापासून ओळ किती खाली

समजा, क्षितिजाखालच्या ४०व्या ओळीवर अंतर १ आहे. मग २०व्या ओळीवर ते २ आणि १०व्या ओळीवर ४ होतं. अंतर दुप्पट, तर रस्त्याची रुंदी निम्मी. हे तर शाळेतले समरूप त्रिकोणच!

या कार्ट्रिजला रिजन लॉक नव्हता, अडचण जपानी भाषेची. जपानबाहेर गेम अधिकृतपणे आला तो २०२४ मध्ये, स्विच ऑनलाइनवर.

तेव्हा लॅबमधला मायक्रोकंट्रोलर छोटा आहे म्हणून प्रोजेक्ट सोडू नका. आधी कागदावर त्रिकोण काढून बघा!