हळदीची कॅप्सूल

‘अँटिऑक्सिडंट पातळी’ असा शरीराचा एकच आकडा वैद्यकात नाही. अन्नापासून ऊर्जा तयार होताना पेशींत मुक्त मूलके (फ्री रॅडिकल) निर्माण होतात आणि त्यांना आवरायला ग्लुटाथायोन, काही विकरे, क आणि ई जीवनसत्त्वे अशी निरनिराळी यंत्रणा राबते. जंतू मारण्यासाठी पांढऱ्या पेशी हीच मूलके मुद्दाम तयार करतात, हे मात्र कॅप्सूल विकणारा सांगत नाही.

प्रस्तुत लेखक वाशीम जिल्ह्यातील रिसोड तालुक्यातला, हळद पिकवणारा. मंगल कार्यालयातल्या एका शिबिरात त्याने ही पातळी मोजणारी म्हणून दिलेली धातूची दांडी तळहातात धरली आणि पडद्यावर ‘कमी’ उमटले. घाम पुसून पुन्हा धरली, तर ‘मध्यम’! रुमालाने बदलणारा आकडा रक्तातल्या कशाचाच पुरावा नसतो. तरी विकणारा साडूच, त्यामुळे हळदीच्या कॅप्सूलच्या दोन डब्या घरी आल्या. त्या आठवड्यात खळ्यावर घरचीच हळद शिजवून वाळत पडली होती.

डबीवरचा मजकूर मात्र कामाचा असतो. परवान्याचा १४ अंकी क्रमांक उत्पादकाला परवाना आहे एवढेच सांगतो. गुण तपासल्याचे नव्हे. ‘औषधी वापरासाठी नाही’ हे वाक्य कायद्याने छापावे लागते, म्हणून ते बारीक अक्षरात असते. तोंडी मात्र मधुमेह बरा होतो असे सांगितले जाते. तशी जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याने निषिद्ध आहे.

खरा हिशेब मात्रेचा. कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम अर्क, त्यात ९५ टक्के कर्क्युमिनॉइड, म्हणजे ४७५ मिलिग्रॅम. हळद पुडीत ते साधारण ३ टक्के धरले, तर एका कॅप्सूलला सुमारे १६ ग्रॅम हळद लागते. वरणाच्या फोडणीत चिमूटभर टाकणाऱ्या घरात एवढी हळद एका माणसाच्या पोटात कधी जात नाही. खाद्यरंग म्हणून कर्क्युमिनची रोजची मान्य मर्यादा शरीराच्या वजनाच्या दर किलोला ३ मिलिग्रॅम आहे. ६० किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम. दोन वेळच्या दोन कॅप्सूल त्याच्या पाचपट भरतात.

कर्क्युमिन आतड्यातून फारसे शोषले जात नाही, म्हणून अर्कात मिऱ्याचे पायपेरिन घालतात. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात १९९८ मध्ये मूठभर निरोगी माणसांवर केलेल्या अभ्यासात २० मिलिग्रॅम पायपेरिनने शोषण सुमारे २० पट वाढले. जाहिरातीत हाच आकडा मिरवला जातो. पण पायपेरिन दुसऱ्या औषधांचेही प्रमाण रक्तात वाढवते. फिटची फेनिटॉइन घेणाऱ्याला हे महागात पडू शकते.

जास्त म्हणजे चांगले, हा समज आधीच मोडला आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत, १९९४ च्या निकालानुसार, बीटा कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला. हळदीच्या पूरकांमुळे यकृताला सूज आल्याची प्रकरणे २०१९ मध्ये इटलीत पुढे आली. अमेरिकेतल्या यकृत-इजेच्या एका नोंदणीत १० प्रकरणे सापडली आणि त्यांतल्या ७ जणांत एकच जनुकीय प्रकार होता. तो आपल्यात आहे का, हे कॅप्सूल घेणाऱ्याला ठाऊक नसते.

लेखकाची दुसरी डबी अर्धी झाली तेव्हा लघवी गडद पिवळी होऊ लागली. हळदीचा रंग समजून त्याने आठवडा घालवला. मग अंगाला खाज सुटली, जेवण नकोसे झाले. तपासणीत एसजीपीटी हे यकृताची इजा दाखवणारे विकर २१२ निघाले. अशा वेळी कॅप्सूल त्याच दिवशी थांबवावी, डबी फेकू नये, ती डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावी. त्यांनी ‘कोणती औषधे चालू आहेत?’ असे विचारल्यावर माणूस ‘काही नाही’ म्हणून मोकळा होतो, कारण हळद त्याच्या लेखी औषध नसते. लेखकानेही तेच उत्तर दिले होते. काविळीची तपासणी करून झाल्यावर डबीचा विषय निघाला. कॅप्सूल बंद केल्यावर सहा आठवड्यांनी एसजीपीटी ३८ वर आले. जेवणातली हळद त्या काळात नेहमीसारखीच चालू होती.