शेजारची गाय गाभडली, आमच्या गोठ्याला धोका आहे का?

प्रश्न : आर्वी तालुक्यात आमच्या चार गवळाऊ गाई आहेत. शेजाऱ्यांची गाय सातव्या महिन्यात गाभडली. रक्ततपासणीत ब्रुसेल्लोसिस निघाला. आता डॉक्टर म्हणतात, तुमच्याही गाई तपासून घ्या. दोन गोठ्यांमध्ये भिंत असताना एकीचा रोग दुसरीला लागतो कसा? गावात वळू एकच आहे, त्याच्यामुळे तर नाही? शिवाय शेजारी ती गाय बाजारात काढायची म्हणतात. काढावी का?

उत्तर : गोठ्यांमध्ये भिंत आहे खरी, पण आखर तर एकच असेल. सकाळी गावची ढोरं जिथं गोळा होतात आणि दुपारी ज्या डबक्यावर पाणी पितात, तिथं भिंतीचा काय उपयोग?

गाभण गाईच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाचा साखरेसारखा पदार्थ असतो. ब्रुसेल्ला जिवाणूला तो फार मानवतो. म्हणून एरवी अंगात दबून बसलेला हा जिवाणू गर्भाशयात बेसुमार वाढतो आणि बहुधा पाचव्या महिन्यानंतर गाय गाभ टाकते. पुष्कळदा वार अडकते. पडलेल्या वारेच्या एका ग्रॅममध्ये अब्जावधी जिवाणू असू शकतात. गाय नवं दिसेल ते हुंगते, चाटते. कुत्रं वार ओढत चार घरं फिरवतं, चारा खराब होतो. ओलसर सावलीत जिवाणू कित्येक आठवडे, थंडीत तर महिनोन्‌महिने टिकतो. कडक उन्हात मात्र काही तासांत मरतो. वर्ध्याचा मे महिना या एका बाबतीत तरी आपल्या बाजूचा आहे, पावसाळा नाही.

वळूवर आळ घेण्याची रीत जुनी आहे, पण गाईंमध्ये नैसर्गिक रेतनातून हा रोग क्वचितच पसरतो. रोगट वळूचं वीर्य कृत्रिम रेतनाने थेट गर्भाशयात सोडलं तर धोका मोठा असतो. म्हणून मान्यताप्राप्त वीर्यकेंद्रांत वळूंची वेळोवेळी तपासणी होते.

आता बाजाराचं. रोग गावोगाव जातो तो मुख्यतः इथूनच. बहुतेक गाई एकदाच गाभडतात. पुढच्या वेताला वासरू धडधाकट होतं, गाय दूध देते, अंगावर तेज असतं. जिवाणू मात्र कासेत आणि लसिकाग्रंथींत ठाण मांडून राहतो आणि दर वेताला, तसंच दुधातून बाहेर पडत राहतो. घेणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांसाठी 2009 चा केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार अशा रोगाची वर्दी देणं मालकाचं काम आहे, आणि बाधित जनावर हलवण्यावर बंधनं येतात. पण शेजाऱ्यांची अडचणही खोटी नाही. जनावरांच्या उपचाराची भरवशाची पद्धत नाही. पुष्कळ देशांनी बाधित गाई कापून, मालकाला भरपाई देऊन रोग हटवला. आपल्याकडे तो मार्ग बंद आहे आणि भरपाईची सोयही दुबळी. मग माणूस गुपचूप विकतो. गोशाळेला देणं हाही उपाय नव्हे, रोग तिथल्या कळपात जाईल. वेगळी बांधणं, स्वतंत्र चारापाणी आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात नोंद, एवढंच हाती उरतं.

माणसालाही हा रोग होतो. 1887 साली डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने माल्टा बेटावर मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेत हा जिवाणू शोधला. तो येतो कुठून, हे कळायला आणखी 18 वर्षं गेली. 1905 साली थेमिस्टोक्लिस झमित यांनी दाखवलं की दारोदार दूध घालणाऱ्या, दिसायला ठणठणीत बकऱ्याच तो पोसत होत्या. त्या बकऱ्यांचा ब्रुसेल्ला माणसाला गाईच्यापेक्षा जास्त छळतो, म्हणून घरी बकऱ्या असतील तर त्याही तपासा.

धारोष्ण दुधाचं कौतुक आपल्याकडे फार. ते सोडा, दूध उकळूनच प्या. खरवस चांगला शिजलेला असेल तर हरकत नाही. गाय सोडवताना उघड्या हाताने वार ओढू नका, हातमोजे घाला. पडलेलं वासरू आणि वार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. चढउतार करणारा ताप, रात्रीचा घाम, कंबर-सांधे धरणं ही त्याची लक्षणं, पण हा ताप टायफॉइड किंवा मलेरियाच्या नावाखाली लपतो. सेवाग्रामला जा की तालुक्याला, डॉक्टरांना आपणहून सांगा की घरी ढोरं आहेत. औषधाने माणूस बरा होतो, पण दोन प्रतिजैविकं साधारण सहा आठवडे घ्यावी लागतात. ताप उतरला म्हणून मध्येच सोडली की तो उलटतो.

तुमच्याकडे कालवडी आहेत का, आणि असल्या तर किती महिन्यांच्या? चार ते आठ महिन्यांच्या असतील तर आयुष्यात एकदाच द्यायची लस आहे. तिचं नाव स्ट्रेन 19. 1923 साली एका जर्सी गाईच्या दुधातून मिळालेला हा जिवाणू प्रयोगशाळेत वर्षभर नुसता पडून राहिला आणि आपोआप सौम्य झाला. 2019 पासून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती सरकारी खर्चाने टोचतात. गोऱ्ह्यांना आणि गाभण गाईंना मात्र ती देत नाहीत. लस जिवंत आहे, टोचणाऱ्यानेही जपावं लागतं.

चारही गाईंचं रक्त आता द्याच. निर्दोष आलं तरी महिना-दोन महिन्यांनी पुन्हा द्या, कारण ताजी लागण पहिल्या तपासणीत निसटते. मधल्या काळात जी गाभण असेल तिला आखरावर सोडू नका.