मळसूत्र, पेच आणि कणा

जयपूरच्या जगतपुरा भागात एखाद्या मराठी रुग्णास 'कमरेत पेच बसवावे लागतील' असे हिंदीत सांगितले गेले, तर त्याच्या मनात प्रथम कुस्ती, पतंग किंवा पेचप्रसंग उभा राहण्याचा संभव आहे. एकाच फारसी शब्दाचा 'स्क्रू' हा अर्थ हिंदीत रूढ आहे. आजच्या मराठीत तो मुख्यतः अडचणीचा वाचक असून वस्तूसाठी 'मळसूत्र' वा 'स्क्रू' हे शब्द आहेत. याच जयपूरशी निगडित महाराष्ट्रीय पंडित जगन्नाथ सम्राट यांनी १८व्या शतकाच्या पूर्वार्धात युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली. तेथे शब्द चुकता तर सिद्धांत बिघडता; येथे रुग्णाची संमतीच पोकळ ठरते.

त्याहून मोठी गफलत 'जोडणे' या क्रियापदाची. स्क्रू मणके जोडीत नाही. तो केवळ धरून ठेवतो. मणके सांधते ते कलम केलेले हाड. अ‍ॅल्बी आणि हिब्ज यांनी १९११ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या शस्त्रक्रियांत स्क्रू नव्हताच. हाड न सांधल्यास उत्तम धातूही कालांतराने सैल होतो वा मोडतो. 'हाड सांधले' हा जुना घरगुती प्रयोग येथे कोणत्याही नव्या परिभाषेपेक्षा नेमका आहे.

पद्धतींतील भेद मुख्यतः दिशेचा आहे. पॅरिसच्या रॉय-कामीय यांनी १९६३ पासून वापरलेल्या मार्गात स्क्रू मणक्याच्या मागील भागातून, त्यास पुढील भागाशी जोडणाऱ्या देठातून पुढे जातो. आज तो सामान्यतः बाहेरून आत वळवितात, आणि त्याचे टोक पुढील सच्छिद्र हाडात रुतते. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांत नेमकी तीच पकड कच्ची. सांतोनी व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेला मार्ग उलट: आतून बाहेर, खालून वर, हाडाच्या कठीण कवचाला धरून. स्क्रू आखूड आणि बारीक. स्नायूही कमी दूर सारावे लागतात. मृतदेहांच्या मणक्यांवरील त्यांच्या चाचणीत तो उपटण्यास सुमारे ३० टक्के अधिक बळ लागले. मात्र कठीण हाड छिद्र पाडताना तडकू शकते; शिवाय उपटण्याचे बळ म्हणजे सांधण्याची हमी नव्हे. 'अधिक मजबूत पद्धत' असे मराठीत सरसकट लिहिणारे भाषांतर हा भेद गिळून टाकते.

'स्क्रू जागेवर आहेत' आणि 'हाड सांधले आहे' ही दोन स्वतंत्र वाक्ये आहेत. त्यांपैकी पहिले शस्त्रक्रियेच्या दिवशीच सांगता येते. दुसऱ्यासाठी अनेक महिने थांबावे लागते.