पासवर्ड रिसेटच्या पुढे

बघ गं, ‘मी नुसते पासवर्ड रिसेट करते, मला सर्व्हरला हात कोण लावू देणार?’ हे पुन्हा म्हणायचं नाही. कळव्याहून धीमी लोकल, ठाण्याला ट्रान्स-हार्बर, दिवसभर ऐरोलीत हेल्पडेस्कवर कानाला हेडफोन, घरी आल्यावर पोळ्या. यात सिस्टम ॲडमिन व्हायचा अभ्यास कधी करू, हेच ना? खरं सांगू का, निम्मा अभ्यास तुझा कामावरच होतोय. तिकीट बंद करायच्या घाईत तू तो अर्धवट सोडतेस, एवढंच.

एखाद्याचं खातं सारखं लॉक होतं. तू उघडून देतेस, तो आभार मानतो, विषय संपला. पुढच्या वेळी सिनियरला सांग, डोमेन कंट्रोलरचा लॉग मला दाखवा. त्यात ४७४० क्रमांकाची नोंद शोध. खातं कुठल्या मशीनवरून लॉक झालं, ते नाव तिथे असतं. तिथवर पोचलीस की बरेचदा जुनाच पासवर्ड धरून बसलेला एखादा ड्राइव्ह नाहीतर शेड्यूल केलेलं काम सापडतं. ते दुरुस्त कर, म्हणजे त्या माणसाचा फोनच यायचा थांबेल. ॲडमिनचं काम हेच असतं गं, आणि तुला ते येईल.

घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाक, फुकट आहे. विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवस चालते, उबंटूला तर पैसेच नाहीत. डीएनएस, डीएचसीपी, युजर, ग्रुप पॉलिसी, सगळं स्वतः उभं कर. मग मुद्दाम मोड आणि बॅकअपवरून परत आण. बॅकअप घेतो म्हणणारे पुष्कळ भेटतात. परत आणून पाहिलाय का, असं विचारलं की गप्प होतात. मुलाखतीत तू सांग, मी आणून पाहिलाय. महागड्या क्लासला कर्ज काढून अजिबात जायचं नाही. लिनक्सकडे ओढा असेल तर रेड हॅटची आरएचसीएसए परीक्षा सावकाश दे. तिथे पर्यायांवर खुणा करायच्या नसतात, चालू मशीनवर काम करून दाखवावं लागतं. हाताने शिकलेल्या मुलीला ती बरी.

आणि हेल्पडेस्कला कमी लेखू नकोस. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन आडवी झाली, आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. त्यातली कितीतरी मशीन एकेक करून सेफ मोडमध्ये नेऊन, बिघडलेली फाइल काढून उठवावी लागली. ते काम तुझ्यासारख्याच मुलामुलींनी केलं.

राहता राहिली आईची धास्ती, रात्रीच्या शिफ्टची. ॲडमिनला रात्रीबेरात्री बोलावणं येतं, ते खरंच आहे. पण महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते. शिवाय तिच्या सुरक्षेची आणि थेट घराच्या दारापर्यंत गाडीची सोय मालकाने करायची असते. तेव्हा ऑफर लेटरवर सही करण्याआधी गाडीचं लेखी मागून घे, आणि ते मागताना संकोचू नकोस.